पाण्याचा हिशेब

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर ह्या व्यासपीठावर मी फार तर हळदीकुंकवाची वाणे मांडली आहेत. परंतु त्या म्हणाल्या, "तुमच्या इमारतीत पाण्याचे जे झाले तेवढे सांगा, बाकीचे माझ्याकडे." आता येथे येऊन पाहते तो फळ्यावर विषय लिहिलेला, "शहरे टिकावीत म्हणून सेन्सरचा उपयोग"! तो वाचून माझ्या पोटात गोळाच आला. तरी विचार केला की, शहर म्हणजे काय, आपलीच घरे. आणि घर टिकवायचे तर आधी पाणी टिकले पाहिजे. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले ते सांगते. काही गोष्टी माझ्या मुलाने समजावून दिल्या, काही मी विचारून घेतल्या. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

सेन्सर हा शब्द हल्ली कानावर फार पडतो. त्याचा साधा अर्थ असा की, आपण जे हाताने, कानाने किंवा नाकाने जाणतो ते जाणून घेणारे यंत्र. पोळी टाकण्याआधी तवा तापला का, हे आपण वर हात धरून पाहतो. दूध उतू जाणार हे आवाजावरून ओळखतो. तेच काम यंत्र करते, आणि शिवाय जे जाणले ते आकड्यात लिहून ठेवते. आपल्यात व त्यात फरक एवढाच की, आपल्याला रात्री झोप लागते, त्याला लागत नाही. हा फरक लहान वाटतो, पण माझी सगळी गोष्ट त्यावरच आहे.

आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे. नळाला पाणी सकाळी तीन तास. ते जमिनीखालच्या टाकीत साठते, तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग घरोघर येते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात असे झाले की, संध्याकाळी भरलेली वरची टाकी पहाटे निम्म्याच्याही खाली गेलेली असायची. एक दिवसाआड दहा हजार लिटरचा टँकर मागवू लागलो. वर्गणी वाढली. वर्गणी वाढली की माणसांची तोंडे सुटतात, आणि तोंडे सुटली की कोणाचे तरी नाव लागते.

नाव लागले ते तळमजल्यावरच्या आजींना. आजी एकट्या राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे. पहाटे चारला उठून आंघोळ, पूजा, सडा. कोणी म्हणाले, त्यांच्या भिंतीशी उभे राहिले की रात्री पाण्याचा आवाज येतो. कोणी म्हणाले, वय झाले, नळ उघडा टाकून निजत असतील. दुसऱ्या दिवशी सर्वांच्या तोंडी तेच. पाहिले कोणीच नव्हते. सोसायटीच्या कमिटीत पाण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून त्यांना सांगायला मला पाठवले. मी गेले आणि दारातच उभी राहून बोलले. "आजी, चोवीस घरांचे पाणी आहे, तुमचे एकटीचे नव्हे." हे माझे शब्द. आज येथे उच्चारताना जीभ अडखळते. आजी एवढेच म्हणाल्या, "अगं, आत तरी ये." मी आत गेले नाही.

त्यानंतर ठरले की, रात्री नऊ ते पहाटे पाच त्यांच्या नळाचा व्हॉल्व्ह वॉचमनने बंद करायचा. आजी रात्रीच दोन बादल्या भरून ठेवू लागल्या. गुरुवारच्या भजनाला त्या कधी चुकल्या नव्हत्या, त्या येईनाशा झाल्या. आपल्यापैकी पुष्कळजणींनी विचारलेही, "आजी दिसत नाहीत?" मी "बरे नसेल" म्हणून वेळ मारून नेली.

आता यंत्राकडे येते. टाकी भरून वाहू नये म्हणून कमिटीने त्याच सुमारास वरच्या टाकीच्या झाकणाला एक सेन्सर बसवला होता. माहेरी आमच्या अंगणात आड होता. आम्ही मुले त्यात डोकावून "ओ" करायचो. पाणी वर असले की "ओ" लगेच परत यायचा, उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की उशिरा यायचा. हे यंत्र तेच करते. ते आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज पाण्यावर सोडते आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाणी एक मीटर खाली असेल तर जाऊन येऊन दोन मीटर, म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतले सहा भाग. एवढा वेळ ते मोजते आणि त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढते. वटवाघूळ अंधारात असेच उडते म्हणतात.

ते यंत्र दर दहा मिनिटांनी पातळी लिहून ठेवत होते, पण ते लिखाण कोणी पाहत नव्हते. टाकी भरली की पंप बंद होतो ना, मग झाले! एका रविवारी माझ्या मुलाने सहज तो आलेख मोबाइलवर काढला आणि मला म्हणाला, "आई, हे बघ, रात्रीचं काहीतरी वेगळंच दिसतंय."

भगिनींनो, तो आलेख मी तुम्हांला शब्दांत दाखवते. दिवसा पाण्याची रेघ पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. कोणी आंघोळ केली की एक पायरी, कोणी धुणे लावले की दुसरी. मध्ये कोणी वापरले नाही की रेघ सपाट. माणूस पाणी वापरतो तो असा, घेतो आणि थांबतो. पण रात्री एक ते चार ह्या वेळात रेघ मुळीच थांबत नव्हती. पट्टीने आखावी तशी सरळ उतरत होती, दर तासाला चार सेंटिमीटर. काल तशीच, परवा तशीच, महिनाभर तशीच. नळ उघडा टाकणारे माणूस रोज बरोबर तेवढाच नळ उघडील का? आणि दुसरे म्हणजे, आजींचा व्हॉल्व्ह रात्री बंद करायला लागून तीन आठवडे झाले होते. तरी रेघेत तसूभरही फरक नव्हता.

मी ती रेघ पाहत बसले आणि माझ्या हातापायांतले बळ गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती आम्ही दिली होती, आणि फाशीचा हुकूम घेऊन मीच गेले होते.

हिशेब आम्ही वहीवर मांडला. टाकी आत तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरले की साठ लिटर गेले. तासाला चार सेंटिमीटर म्हणजे २४० लिटर. चोवीस तासांचे झाले ५,७६० लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबाने बेचाळीस माणसांचे पाणी रोज मातीत जात होते. दोन दिवसांचे धरले तर साडेअकरा हजार लिटर, म्हणजे एक दिवसाआड येणारा आमचा टँकर! आम्ही टँकर विकत घेऊन जमिनीला पाजत होतो.

त्या रात्री एक वाजता आम्ही चौघे गच्चीवर गेलो. टाकीतून खाली उतरणाऱ्या नळांचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करायचे, अर्धा तास थांबायचे, आणि मोबाइलवर रेघ पाहायची. तिसरा व्हॉल्व्ह बंद केला आणि रेघ आडवी झाली. तो नळ पूर्वी मागच्या बागेत जात असे. बाग जाऊन तेथे फरशा बसल्या, नळाची आठवण कोणालाच राहिली नाही. सकाळी प्लंबरने आजींच्या भिंतीलगतच्या फरशा उचलल्या. खाली जुना लोखंडी नळ गंजून फुटलेला, आणि पाणी शेजारच्या गटारात उतरत होते. म्हणून वर कोठे ओल दिसली नाही.

मी तशीच आजींकडे गेले. ह्या वेळी आत गेले. त्यांच्या पायांवर हात ठेवला आणि सर्व सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते, रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "पोरी, मला ठाऊक होतं. रात्री झोप येत नाही. भिंतीला कान लागला की आत पाणी सूं सूं करतंय हे कळायचं. वॉचमनला दोनदा सांगितलं. तू आलीस त्या दिवशी तुलाही तेच सांगायचं होतं, म्हणून आत बोलावलं."

पुढे त्यांनी आणखी एक सांगितले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यात खडकवासल्याचेही फुटले, तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. पुराने घर नेले आणि मग त्याच शहरात पाण्याची टंचाई आली. हंडाभर पाण्यासाठी उभे राहिलेले त्यांना अजून आठवते. "मी नळ उघडा टाकीन का गं?" असे त्यांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. ही हकीकत मी त्यांच्या परवानगीने सांगते आहे. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, हे तुम्ही पाहतच आहात.

आमच्या एका इमारतीत असे, तर शहराचे काय असेल? आपल्या पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे पाणी देतात. ते शुद्ध करायचे, पंपांनी चढवायचे, त्याला वीज लागते, पैसा लागतो. आणि मग वाटेत जुन्या नळांतून ते मोठ्या प्रमाणात गळते. पाणी गळले की त्यासाठी जाळलेली वीजही मातीत गेली. शिवाय नळाला पाणी काही तासच येते, तेव्हा बाकीच्या वेळी नळ रिकामे राहतात आणि ज्या भोकांतून पाणी बाहेर जाते त्याच भोकांतून गटाराची घाण आत येते. काविळीची एक वाट ही आहे. नळात चोवीस तास दाब असला तर घाण आत शिरत नाही.

म्हणून मोठ्या शहरांत हल्ली असे करतात की, शहराचे लहान लहान भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाच्या तोंडाशी मीटर बसवायचा. पुण्याच्या चोवीस तास पाणी योजनेत असे १४१ भाग पाडायचे ठरले. घरोघरचे मीटरही असे की, माणसाने दारात न येता त्यांचा आकडा कळावा. पहाटे दोन ते चार सारे शहर झोपलेले असते. त्या वेळी एखाद्या भागात पाणी फार जात असेल तर तेथे गळती आहे, हे कचेरीत बसून कळते. आमच्या टाकीच्या रेघेचीच ही मोठी बहीण.

भाग कळला तरी जागा कळली पाहिजे, नाहीतर सारा रस्ता खणावा लागेल. त्यासाठी नळावर दोन ठिकाणी कान लावणारे सेन्सर ठेवतात. फुटलेल्या जागेचा आवाज जवळच्याला आधी पोचतो, दूरच्याला उशिरा. लोखंडी नळातून आवाज सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने पळतो. दोन्हीकडच्या वेळेतल्या फरकावरून जागा काढता येते. प्लॅस्टिकच्या नळात मात्र हा आवाज लवकर विरतो, म्हणून तेथे सेन्सर जवळजवळ ठेवावे लागतात.

जपानातल्या टोकियो शहराची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९४५ साली युद्ध संपले तेव्हा शहर उद्ध्वस्त झाले होते आणि शंभरातले जवळजवळ ऐंशी भाग पाणी गळत होते. दहाएक वर्षांत ते वीसच्या आसपास आणले, आणि आता ते तीनच्या आसपास आहे. हे केवळ यंत्रांनी झाले नाही. जुने नळ बदलले, आणि रात्री रस्त्यावर हिंडून लांब काठी नळाला टेकवून तिच्या टोकाशी कान लावणारी माणसे तयार केली. असे कान तयार व्हायला वर्षे लागतात म्हणतात. हे ऐकले तेव्हा मला आमच्या आजी आठवल्या. टोकियोत असत्या तर त्यांना नेमणूक मिळाली असती. आम्ही त्यांचा नळ बंद केला.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहरात २०१८ साली धरणे आटत आली. माणशी रोज पन्नास लिटरची मर्यादा घालावी लागली. त्या काळात शाळांतून असे मीटर बसवले, तेव्हा शाळा बंद असताना रात्रीही पाणी चालूच आहे असे आढळले. मुले घरी गेली तरी शौचालयाच्या टाक्या गळत होत्या. रात्र सगळीकडे सारखेच सांगते.

आता आपल्या मंडळाने ऐकावी अशी गोष्ट ओडिशातली. जगन्नाथाच्या पुरी शहरात जुलै २०२१ पासून नळाचे पाणी चोवीस तास येते आणि ते तसेच तोंडाला लावता येते. तेथे मीटर वाचणे, बिले देऊन पैसे गोळा करणे, घरोघर पाण्याची परीक्षा करणे ही कामे बचतगटांतल्या बायका करतात. त्यांना जलसाथी म्हणतात. आपल्यासारख्याच बायका त्या. त्यांना हे जमते, तर आपल्याला का जमू नये?

यंत्राची बाजू इतकी घेतली, तेव्हा त्याची दुसरी बाजूही सांगते. आमच्याच सेन्सरवर एकदा वाफेचे थेंब धरले आणि टाकी भरलेली असताना तो रिकामी सांगू लागला. एकदा कोळ्याने जाळे केले. तेव्हा यंत्राचीही झाडलोट लागते. दुसरे, घरोघरचा आकडा कळू लागला की कोण गावाला गेले, कोणाकडे पाहुणे आले, हेही कळते. तो आकडा कोणी पाहावा ह्याला नियम पाहिजे. तिसरे, यंत्र एवढेच सांगते की पाणी किती गेले. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाकडे बाळंतीण आहे, हे त्याला कळत नाही. मीटर आला की बिल येणार, ही भीतीही खोटी नाही. माझे मत असे की, पोटापुरते पाणी गरिबाला परवडेल असेच असावे आणि गाड्या धुणाऱ्याने जास्त द्यावे. मोजमाप असले तरच असा न्याय करता येतो. मोजमाप नसले की ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे.

आता आपण घरी काय करावे? सेन्सर विकत घ्या असे मी म्हणत नाही. रात्री निजताना घरातला किंवा इमारतीचा मीटर पाहून आकडा लिहून ठेवा, पहाटे कोणी नळ उघडण्याआधी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला असेल तर शोध घ्या. संडासाच्या टाकीत थोडा खाण्याचा लाल रंग टाका आणि अर्धा तास पाणी सोडू नका. खाली भांड्यात लाली उतरली तर टाकी गळते आहे. टपटपणाऱ्या नळाचे वायसर आजच्या आज बदला. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे सव्वाचार लिटर होतात, वर्षाचे पंधराशेच्या वर. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते आटतेही. आणि जुने नळ कोठून कोठे जातात, ह्याचा नकाशा काढून इमारतीच्या वहीत चिकटवा. आमचा बागेचा नळ कोणाला आठवला असता तर हे घडलेच नसते.

आणखी एकच. आम्हांला खरे काय ते यंत्राने दाखवले हे कबूल. पण ते एका बाईने त्याच्या आधी महिनाभर सांगितले होते. तिचे वय झाले म्हणून कोणी ऐकले नाही, आणि तेच आलेखात दिसले तेव्हा चौघे पुरुष रात्री एक वाजता गच्चीवर यायला तयार झाले. यंत्रे जरूर आणावीत. पण ज्या घरात म्हातारे माणूस "मला काही ऐकू येते" म्हणते, तेथे आधी दोन मिनिटे भिंतीला कान लावून पाहावा. आणि कोणाला दोष द्यायला निघालो असलो, तर बोलण्याआधी त्याच्या घरात जाऊन बसावे.

टँकर बंद झाल्यावर वर्गणीचे जे पैसे उरले, त्यातून आम्ही तळमजल्याचे सारे जुने नळ बदलून घेतले. मीटरची वही आता आजींकडे असते. पहाटे चारला उठणारे इमारतीत दुसरे आहे कोण?